एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन) प्रवेश, दुसरा प्रयत्न – जुलै २०२४ ते जून २०२५ च्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवतेय. मागच्या वर्षी हेच सगळं केलं आणि काहीच लिहिलं नाही, त्यामुळे नक्की कुठे चुकलं ते आता आठवून आठवून काढावं लागतंय. जानेवारी २०२४ ची सीड, म्हणजे एम.डेस.ची प्रवेश परीक्षा, दिली होती, पार्ट ए मधून पुढे गेले, पार्ट बी मध्ये १०० पैकी ३१, कुठूनही मुलाखतीचा कॉल नाही.

माझं थोडक्यात. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, मग पुण्यात साडेतीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. गाव लासलगावजवळ, घरी कांदा. चित्रकलेचं म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड, त्यानंतर दहा वर्षं पेन्सिल हातात नाही. मला डिजिटल मीडियातच मास्टर्स करायचंय, स्क्रीनवर माणूस काय बघतो, काय ऐकतो, कुठे अडतो ते काम. पहिली पसंती आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाचं, इंटरॅक्शन डिझाइन, दुसरी एनआयडीचं (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) न्यू मीडिया डिझाइन, ते गांधीनगर कॅम्पसला असतं. आयडीसीसाठी सीड आणि एनआयडीसाठी त्यांची डॅट नावाची वेगळी परीक्षा, दोन्ही जानेवारीत.

ज्यांनी नुकतंच बघायला घेतलंय त्यांच्यासाठी एकदाच सांगते. सीडचा पार्ट ए कॉम्प्युटरवर, एक तास, १५० मार्क. पार्ट बी कागदावर, दोन तास, १०० मार्क. शेवटच्या स्कोअरला पार्ट ए चं वजन २५ टक्के आणि पार्ट बी चं ७५. मी मागच्या वर्षी वेळ याच्या बरोबर उलटा दिला. पार्ट ए म्हणजे आकृत्या, हिशोब, निरीक्षण, ते मला जमतं, मग रोज ऑफिसवरून आलं की तेच सोडवत बसायचे आणि अभ्यास झाल्यासारखं वाटायचं.

२८ जुलै, रविवार

क्लासचं लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. मागच्या वर्षी एक ऑनलाइन क्लास लावला होता, ३८,००० रुपये, दोन हप्त्यांत. पार्ट ए ची तयारी बरी घेतली. पार्ट बी साठी मात्र त्यांनी तयार साचे दिले, म्हणजे गर्दीचं दृश्य आलं की असं काढायचं, स्टोरीबोर्ड आला की सहा चौकटी अशा पाडायच्या. आम्ही बॅचमधल्या सगळ्यांनी तेच साचे पाठ केले. माझी गर्दीतली माणसं अजूनही त्या साच्यातलीच येतात, एकाच उंचीची, हात पाठीमागे लपवलेली, कारण हात काढायला शिकवलंच नव्हतं.

या वर्षी क्लास नाही. सीडच्या साइटवर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, त्या प्रिंट काढून घेतल्या. आयडीसीचंच डीसोर्स नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, त्यावर डिझाइनचे धडे आणि केस स्टडी आहेत, ते रोज अर्धा तास वाचते. अप्पा बळवंत चौकात जाऊन ए३ कागद, २बी आणि ४बी पेन्सिली, दोन खोडरबर, एक बोर्ड घेतला, ८४० रुपये.

११ ऑगस्ट, रविवार

पोर्टफोलिओ, म्हणजे आतापर्यंत केलेल्या कामाची फाइल, दाखवला. आमच्या कॉलेजची एक सीनियर ताई तीन वर्षांपूर्वी एम.डेस. करून आता बंगळुरूला नोकरी करते, तिने व्हिडिओ कॉलवर सव्वा तास दिला, त्याबद्दल तिचे उपकार आहेत.

माझा पोर्टफोलिओ ३८ पानांचा. त्यात आठ लोगो, मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका, गणेशोत्सव मंडळाचे इन्स्टाग्रामचे पोस्टर, दोन ॲपच्या स्क्रीन, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेला एक कप, एक आगगाडी, आणखी बरंच. तिने पहिली दहा पानं बघितली आणि विचारलं, ‘हे असंच का केलंस, आणि आधी काय काय करून बघितलंस?’ मला एकाही पानाबद्दल नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली मुलाखतीत समोरची माणसं हेच विचारणार, छान दिसणारी पानं त्यांनी हजार बघितलेली असतात. तीन प्रोजेक्ट पुरे, पण प्रत्येकाचा सगळा प्रवास दिसला पाहिजे, पहिल्या चुकीच्या कागदापासून.

रात्री ३८ पानं एकेक करून काढत गेले. उरली चार.

२५ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लिहायला जड जातंय. त्या चार पानांचा प्रवास दाखवायचा म्हणून कच्च्या वह्या शोधल्या. मे महिन्यात रूम बदलली तेव्हा दोन गोण्या रद्दी दिली होती, वह्या त्यातच गेल्या. साडेतीन वर्षांचे कच्चे कागद. तेव्हा वाटलं फायनल फाइल लॅपटॉपवर आहे ना, मग हा कचरा कशाला वाहून न्यायचा.

मग एक मोठी चूक केली आणि त्यात दोन आठवडे घालवले. फायनल डिझाइन समोर ठेवून त्याची खोटी कच्ची स्केचेस काढत बसले, कागद चुरगळून, चहाचे डाग पाडून. ताईला पाठवली तर तिने दोन मिनिटांत ओळखलं. खऱ्या कच्च्या कामात शेवटी न वापरलेल्या गोष्टी असतात, माझ्या सगळ्या स्केचेसमध्ये फक्त शेवटचंच उत्तर होतं, थोडं वाकडं काढलेलं. शिवाय हे खोटंच आहे, आणि ते मला करतानाही कळत होतं. सगळं फाडून टाकलं. नवीन प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून करायचा, आणि एकही कागद फेकायचा नाही. प्लास्टिकचा क्रेट आणलाय, २२० रुपये, प्रत्येक कागदावर मागे तारीख.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीला घरी आलेय. विषय घरातच सापडला.

काल आरती झाल्यावर नाना, माझे वडील, पत्र्याच्या डब्यातून ऑगस्टमधली हिशोबपट्टी, म्हणजे कांदा विकल्यावर मिळते ती पावती, शोधत होते. सापडल्यावर माझ्याकडे दिली, ‘बघ गं, हे साठ आहे का शून्य शून्य?’ पट्टी म्हणजे कार्बन लावून लिहिलेली पातळ गुलाबी कागदाची तिसरी प्रत. वरची पहिली प्रत ज्याच्याकडे राहते त्याला स्वच्छ दिसतं, शेतकऱ्याच्या हातात येतं ते सगळ्यात पुसट. वजन २१ क्विंटलच्या पुढे दोन आकडे होते, पहिला ६ की ० ते उन्हात धरूनही कळेना. भाव क्विंटलला ३,४०१. म्हणजे त्या एका आकड्याने दोन हजार चाळीस रुपयांचा फरक. बँकेचा मेसेज काढून उलटा हिशोब केला तेव्हा ६ निघाला, पैसे बरोबरच आले होते, पण ते पट्टीवरून सांगता येत नव्हतं. आणि हमाली, तोलाई वगैरे कपात ज्या रकान्यात होती तो सगळ्यात बारीक आणि सगळ्यात खाली, कार्बनचा दाब तिथपर्यंत पोचतच नाही.

मी लहानपणापासून या पट्ट्या बघतेय, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढलीयेत. एकदाही वाचून बघितली नव्हती. डब्यात २०११ पासूनच्या ६७ पट्ट्या निघाल्या, सगळ्यांचे खिडकीपाशी नीट फोटो काढले. हाच प्रोजेक्ट.

२० सप्टेंबर, शुक्रवार

रजा टाकून लिलाव बघायला गेले. गेल्या शुक्रवारी केंद्राने कांद्याची किमान निर्यात किंमत काढून टाकली आणि निर्यात शुल्क ४० वरून २० टक्के केलं, त्यामुळे चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा बाहेर काढायची सगळ्यांचीच घाई, बाजारात ट्रॅक्टरची रांगच रांग. निरीक्षणाला दिवस चांगला, बोलायला वाईट. कुणालाच वेळ नव्हता.

तरी सकाळी सात ते दुपारी दोन उभी राहिले आणि सगळा क्रम लिहून काढला. ट्रॉली रांगेत लागते, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, हातात चार कांदे घेतो, बोली चालते, भाव फुटतो, बाजार समितीचा माणूस ठरलेल्या भावाची सौदापट्टी फाडतो, घोळका पुढच्या ट्रॉलीवर. घड्याळ लावून बघितलं, एका ट्रॉलीला मिनिटभरसुद्धा लागत नाही. मग काट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन ट्रॉली खाली करायची, रिकाम्या ट्रॉलीचं पुन्हा वजन, आणि त्यानंतर हिशोबपट्टी. ज्या कागदावर चार महिन्यांच्या मेहनतीची किंमत आहे तो शेतकरी तिथे उभ्या उभ्या घडी करून खिशात टाकतो, कारण मागे हॉर्न वाजत असतात. वाचतो घरी, रात्री, चष्मा लावून.

स्केचेस अठ्ठावीस झाली. खराब आहेत पण खरी आहेत. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभी असलेली माणसं काढताना हात लपवायला जागाच नव्हती, पट्टी हातातच असते, मग हात काढावेच लागले. एका ठिकाणी मोबाइलने शूटिंग करायला लागले तर एका व्यापाऱ्याने मनाई केली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मी आधी विचारायला हवं होतं. नंतर विचारून विचारूनच काम केलं, आणि चेहरे कुठेच घेतले नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

आवाजात एक पूर्ण शनिवार वाया. बोली पुकारतानाचा आवाज हवा होता, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन हेडफोन लावला तर नुसता वारा आणि ट्रॅक्टर. वरून फोन भरलेला होता म्हणून शेवटच्या दोन फाइल सेव्हच झाल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला ११०० रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला, त्यावर लोकरीचा मोजा चढवला, मोजा खरंच काम करतो, वाऱ्याचा फडफडाट जवळजवळ गेला. आणि ट्रॅक्टरपासून लांब जाण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या जवळ जायचं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर पुणे–नाशिक–लासलगाव एक फेरी वाचली असती, तेव्हा सांगून ठेवते.

२० ऑक्टोबर, रविवार

सीडचा फॉर्म भरला. मुलींना फी निम्मी आहे, २,००० रुपये, बाकीच्या ओपन-ओबीसी मुलांना ४,०००. एनआयडीचाही भरला.

कागदपत्रांत एक मोठी गोष्ट, ओबीसीवाल्यांनी नीट वाचा. माझ्याकडे नॉन क्रीमीलेअर होतं, मी निवांत होते. अपलोड करायच्या दिवशी लक्षात आलं की ते राज्याच्या नमुन्यातलं आहे. आयआयटी, एनआयडी या केंद्राच्या संस्था, त्यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं, तो फॉर्मच वेगळा, आणि तारीखही चालू आर्थिक वर्षातली लागते. पुन्हा गावाला, पुन्हा सेतूमध्ये अर्ज, पुन्हा नानांचे उत्पन्नाचे कागद. त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, सगळा स्टाफ निवडणुकीच्या कामात. मिळालं शेवटी, पण तीन फेऱ्या आणि चार रजा गेल्या. एप्रिल-मे मध्येच काढून ठेवायचं होतं, वीस मिनिटांचं काम होतं ते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीत लिलाव बंद, सगळी माणसं घरात, म्हणून टेस्टिंग करून घेतलं. फिग्मा या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲप बनवून आणलं होतं, महिनाभराचं काम. होम स्क्रीन, भावाचा आलेख, वर्षाची तुलना, हिरवा रंग, कांद्याचं आयकॉन. सात जणांना दाखवलं: नाना, दोन्ही काका, मामा, शेजारचे तिघं.

सातही जण पहिल्या स्क्रीनवर थांबले. आलेखाला कुणी हात लावला नाही. मोठे काका म्हणाले छान आहे. छान आहे म्हणजे संपलं, हे आता मला कळतं. नाना दहा मिनिटं प्रामाणिकपणे बघत होते, मग म्हणाले, ‘अगं, पट्टी खिशात असते म्हणून मी बघतो. हे बघायचं तर आधी फोन शोधा, मग चष्मा, मग हे उघडा. आणि उघडून मला काय पाहिजे? किती वजन धरलं, किती कापलं, हातात किती आले. तीनच गोष्टी.’

तेवढं वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. रात्री फार वाईट वाटलं, महिना गेला म्हणून. आईने विचारलं काय झालं, तिला सांगितलं, तर ती म्हणाली मग त्या तीनच गोष्टी कर ना. ॲप बंद. पण ॲपच्या सगळ्या स्क्रीन प्रिंट काढून क्रेटमध्ये ठेवल्या, तारखेसकट.

२४ नोव्हेंबर, रविवार

नवीन रूप. पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, उलट एक आवाज येतो, चाळीस सेकंदांचा, मराठीत: वजन इतकं, भाव इतका, एकूण इतके, हमाली-तोलाई इतकी, हातात इतके. सोबत एक चित्र, त्यावर तेच तीन आकडे ठळक. आकडा पुसट असेल तर आवाजच विचारतो, ‘साठ आहे का शून्य?’

खरं सांगायचं तर मागे कुठलंच सॉफ्टवेअर नाही. सहा जणांनी आठ दिवस फोटो पाठवले आणि पलीकडे मीच बसून आकडे वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवत होते, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. अशी माणसाने चालवलेली चाचणी डिझाइनमध्ये रीतसर पद्धत मानतात, फक्त पोर्टफोलिओत ते स्पष्ट लिहायचं, मी लिहिलंय. आठ दिवसांत ४१ फोटो आले. धाकटे काका एकच पट्टी तीनदा पाठवायचे, विचारल्यावर कळलं की ते आवाज घरात सगळ्यांना ऐकवतात, काकूला वाचता येत नाही. हे मला कुठल्याच पानावर सुचलं नसतं.

दुसरं, देवनागरीची मारामारी. आफ्टर इफेक्ट्स या हलती चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की ‘क्विंटल’ची जोडाक्षरं फुटायची आणि वेलांटी भलत्याच जागी जायची. चार संध्याकाळी फॉन्ट बदलत बसले. फॉन्टचा दोषच नव्हता. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या खाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडायचं आणि प्रोग्रॅम बंद करून उघडायचा. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करायचे. मग मुक्ता फॉन्ट वापरला, तो ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेने केलेला, गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि त्याचे आकडे लहान आकारातही सुटसुटीत दिसतात. आपल्या लिपीवर आयडीसीत किती काम झालंय ते यानिमित्ताने वाचलं. तिथे शिकवलेल्या र. कृ. जोशींनी विंडोजचा मंगल फॉन्ट केला. पट्टीवर मी जे ₹ चिन्ह वापरतेय, २०१० साली स्वीकारलेलं, ते करणारे डी. उदय कुमार तिथलेच विद्यार्थी. हे वाचल्यावर त्या जागेबद्दलची ओढ आणखी वाढली.

१५ डिसेंबर, रविवार

दोन महिने रोज सकाळी सहा ते साडेसात फक्त पार्ट बी. पाच प्रश्न, दोन तास, म्हणजे एकाला २४ मिनिटं. मागच्या वर्षी चित्राच्या पहिल्याच प्रश्नात ५० मिनिटं गेली होती, शेडिंग करत बसले होते, शेवटचा प्रश्न कोराच राहिला.

यावर जे उपयोगी पडलं ते असं. वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभ्या उभ्या स्केच, गजर २० मिनिटांचा. पहिली ४ मिनिटं नुसती डोळ्याच्या उंचीची रेघ आणि माणसांची जागा, पेन्सिल हलकी. शेडिंग शेवटच्या ३ मिनिटांत, एकाच दिशेने. बसायला बाक मिळाला की सगळं वरून दिसल्यासारखं यायचं आणि जमिनीवर बसलं की माणसं मोठी, हे बसून बसून कळलं, पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. लिहायच्या प्रश्नात मी सुचेल ते पहिलं उत्तर लिहायचे. आता पहिली तीन उत्तरं समासात लिहून खोडते आणि चौथं घेते. दर रविवारी जुना पेपर पूर्ण, घड्याळ लावून. आजपर्यंत अकरा झाले, पहिल्या सातांत एकदाही पाचवा प्रश्न पूर्ण झाला नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

एनआयडीची प्रिलिम्स झाली. बरी नाही गेली. सीडच्याच सवयीने सोडवत गेले, पेपरचा बाज वेगळा आहे. दोन्ही परीक्षांची तयारी एकच असं मी धरून चालले होते, ते चुकलं. एनआयडीचे जुने पेपर फक्त दोन सोडवले होते. (नंतरची भर: मेन्ससाठी नाव आलं नाही.)

१९ जानेवारी, रविवार

सीड झाली. पार्ट ए मध्ये आकडा टाइप करायचे प्रश्न, एकाहून जास्त पर्याय बरोबर असणारे, आणि साधे एकच पर्यायवाले, मी शेवटून सुरुवात केली. पार्ट बी मध्ये पाचही प्रश्न पूर्ण. चौथ्याला घाई झाली, चित्र बरं आलं पण मजकूर तोकडा. स्केचपेन नेले होते, एकदाही उघडले नाहीत. पेन्सिली घरूनच टोक करून सहा न्यायच्या, शार्पनरमध्ये मिनिटं जातात.

९ मार्च, रविवार

निकाल या आठवड्यात लागला. पार्ट बी ५४. रँक दीडशेच्या पुढे, ओबीसीत बऱ्यापैकी वर. नानांना फोन केला तेव्हा ते शेतात होते, उन्हाळ कांद्याची काढणी चालू, म्हणाले पुढच्याला किती वेळ आहे ते सांग.

सीडचा निकाल म्हणजे प्रवेश नाही. प्रत्येक आयआयटीला वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी तारीख, आणि स्कोअर एकच वर्ष चालतो. मी चार ठिकाणी केले. तारखांचा एक तक्ता भिंतीवर लावा, माझी एका ठिकाणची मुदत एका दिवसाने हुकली असती, ताईने आठवण केली म्हणून वाचले.

पोर्टफोलिओ आता १८ पानी. हिशोबपट्टी १० पानं, बाकी दोन छोटे प्रोजेक्ट चार-चार पानं. फाइल १४० एमबीची झाली होती, एका मोफत साइटवर दाबली तर पट्टीवरचा पुसट आकडाच गायब, म्हणजे प्रोजेक्टचा जीवच गेला. मग फोटो एकेक करून लहान केले, पट्टीचा तेवढा एक मोठा ठेवला. ११ एमबी झाली. प्रिंटला गेले तेव्हा दुकानात आमचे फॉन्ट नव्हते, पहिला संच सगळा चौकोन चौकोन, ६४० रुपये पाण्यात. पीडीएफ करतानाच अक्षरांची आउटलाइन करून न्यायची.

मुलाखत झाल्यावर दुसऱ्या दिवशी

पवईचा, म्हणजे आयडीसीचा, कॉल आला होता. आधी तिथली चाचणी, मग मुलाखत. आदल्या रात्री ठाण्याला मावशीकडे राहिले.

मी पोर्टफोलिओसोबत तो निळा क्रेटच उचलून नेला होता, न्यायचा की नाही यावर खूप विचार केला होता. बाहेर बसलेल्या बाकीच्यांच्या हातात सुंदर बांधलेली पुस्तकं. आत पॅनेलने पोर्टफोलिओची तीनच पानं उलटली आणि मग विचारलं त्या डब्यात काय आहे. पुढचा सगळा वेळ क्रेटवरच गेला. एका सरांनी नानांची खरी पट्टी हातात घेऊन खिडकीकडे धरली, मी धरली होती तशीच, आणि विचारलं की मग कागदच का नाही बदलला, तिसऱ्याऐवजी पहिली प्रतच शेतकऱ्याच्या हातात का नाही द्यायची, फोन मध्ये कशाला आणलास. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. तसंच सांगितलं, की हा विचार मी केला नाही आणि तो माझ्या उत्तरापेक्षा सोपा आहे. मग म्हटलं की काकूला वाचता येत नाही, तिला कागद बदलून ऐकू येणार नाही, तेवढ्यापुरता आवाज हवाच. त्यावर बरंच बोलणं झालं. बंद पडलेल्या ॲपच्या स्क्रीन त्यांनी मागून घेऊन बघितल्या.

बाहेर आल्यावर कागद काढून लिहिलं: रकान्यांचा क्रम उलटा करायचा, कपात वर, दाब जिथे जास्त बसतो तिथे.

१५ जून, रविवार

आयडीसीला वेटिंग होतं, शेवटपर्यंत माझ्यापर्यंत आलं नाही. त्याचं दुःख आहे, आणि ते काही दिवस राहील. दुसऱ्या एका आयआयटीत एम.डेस.ची जागा मिळाली, तिथे स्क्रीन आणि आवाजावर काम करणारे शिक्षक आहेत, त्यांचं काम वाचून मगच हो म्हटलं. फी भरली.

खर्च विचारतात म्हणून: या वर्षी परीक्षा आणि अर्जांच्या फिया मिळून साडेसात हजारांच्या आत, सामान आणि माइक अडीच हजार, प्रिंट १,९००, गावाकडच्या फेऱ्या आणि मुंबई साधारण ९,०००. मागच्या वर्षीचा क्लास यात धरलेला नाही. रजा एकूण चौदा, त्यातल्या चार फक्त त्या प्रमाणपत्रासाठी.

गेल्या रविवारी नवीन रकान्यांची पट्टी छापून घेतली, शंभर पानांचं एक पुस्तक, तीन प्रती, कार्बनसकट. आमच्या ओळखीचे एक व्यापारी महिनाभर वापरून बघतो म्हणालेत. त्या पुस्तकातल्या पहिल्या पट्टीच्या तिसऱ्या प्रतीचा फोटो नानांनी काल काढून पाठवला, हमालीचा आकडा वाचता येतोय, सहीच्या जागी मात्र शाई पसरतेय. कागद बदलून बघावा लागेल. कंपनीत उद्या राजीनामा देतेय, नोटीस पिरियड एक महिन्याचा.